दहावीनंतरची दोन वर्षे: इंटिग्रेटेड, लातूर की गावातलेच कॉलेज?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा दहावीला ९३.४० टक्के मिळाले. शाळा मराठी माध्यमाची, आठवीपासून सेमी इंग्रजी. दुपारी एकच्या सुमारास निकाल पाहिला आणि पावणेतीनपर्यंत तीन क्लासचे फोन येऊन गेले. आमचा नंबर यांना कोणी दिला याचा मी बराच वेळ विचार केला. मग आठवले, की फेब्रुवारीत शाळेत झालेल्या ‘मोफत स्कॉलरशिप परीक्षे’च्या अर्जावर तो मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता.

आम्ही साताऱ्यात राहतो. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, पुण्यात इंटिग्रेटेड, म्हणजे क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच छताखाली. दुसरा, क्लासचे गाव म्हणून नाव असलेल्या लातूरला खोली घेऊन राहणे. तिसरा, इथल्याच कॉलेजात प्रवेश घेऊन दुपारी क्लास लावणे. पहिल्या पर्यायासाठी आम्ही तिघे पुण्याला जाऊन आलो. दोन वर्षांची फी ३ लाख १० हजार, वसतिगृहाचे वेगळे. ‘आज पंचवीस हजार भरलेत तर चाळीस टक्के सवलत, उद्या आलात तर तीस’ असे सांगण्यात आले. हजेरीचे विचारल्यावर ‘ते आमच्याकडे लागलं’ एवढेच उत्तर मिळाले. बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, सगळं दाखवलं, पण प्रयोगशाळा कुठे होती?’

तिला जीवशास्त्र आवडते आणि गणितही सोडावेसे वाटत नाही. त्यामुळे वैद्यकीयसाठीची नीट परीक्षा की अभियांत्रिकीसाठीच्या जेईई आणि राज्याची सीईटी, हेही ठरलेले नाही. ज्यांनी स्वतः किंवा मुलांसाठी यातून वाट काढली आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. ‘मुलांना हवे ते करू द्या’ हे आम्हाला मान्यच आहे. मात्र तिला काय हवे ते ठरायला अजून वेळ आहे आणि प्रवेशाच्या फेऱ्या काही तेवढे थांबणार नाहीत.

जुना_फळा

तुमच्या मुलीने नेमका प्रश्न विचारला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

बोर्डाच्या परीक्षेत भौतिकशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. हे तीस गुण ‘मिळतातच’ अशी सगळ्यांची समजूत आहे आणि खेदाने सांगतो, ती फारशी चुकीची नाही. जानेवारीच्या अखेरीस इंटिग्रेटेडची मुले एकगठ्ठा प्रात्यक्षिकांना यायची. वह्या आधीच लिहिलेल्या असत, आणि तिघांच्या वहीत स्क्रू गेजच्या तारेचा व्यास तिसऱ्या दशांशापर्यंत एकच. एका वर्षी क्लासच्या चाचणीत पहिला आलेला मुलगा माझ्यासमोर ओहमच्या नियमाचा प्रयोग मांडत होता. किरचॉफच्या नियमांवरचे वाटेल ते गणित तो तोंडी सोडवायचा. त्याने ॲमीटर रोधाला समांतर जोडला आणि कळ दाबली. काटा पलीकडच्या टोकाला आपटला. तो गोंधळून माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘सर, मीटर खराब आहे.’ मीटर खराब नव्हता. त्या क्षणानंतर मात्र झाला.

प्रयोगशाळेवाचून नीट किंवा जेईईत चांगले गुण मिळत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. मिळतात. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विषय हाताळायला मिळण्याची ही पहिली आणि अनेकांच्या बाबतीत शेवटची संधी असते. ती देण्यासाठीच शासनाने कनिष्ठ महाविद्यालय नावाची संस्था उभी केली आहे.

व्यवहाराची एक गोष्ट. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. इंटिग्रेटेडवाले आपले संलग्न महाविद्यालय पहिल्या पसंतीला भरायला सांगतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही. तेव्हा क्लासमध्ये बसून त्यांच्या संगणकावरून पसंतीक्रम भरू नका. घरी येऊन, रात्री जेवण झाल्यावर भरा.

लघुत्तम

सर, तो मुलगा मी नव्हे, पण मीही ॲमीटर समांतर जोडला होता. सध्या वीज कंपनीत नोकरीला आहे. कृपया घाबरू नये.

शेवंता

जुना_फळा सरांविषयी आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडते.

माझा मुलगा पुण्यात इंटिग्रेटेडला होता. आम्ही राहायला हडपसरला, त्याला आवडलेले कॉलेज शिवाजीनगरला आणि क्लास तिसरीकडेच. दिवसाचे तीन तास बसमध्ये गेले असते. इंटिग्रेटेडमध्ये तो सकाळी साडेसातला जायचा, दोनपर्यंत तास, मग डबा, आणि साडेसहापर्यंत तिथेच अभ्यासिकेत बसायचा. सहा वाजता शंका विचारायला शिक्षक हजर असत, हे मी स्वतः दोनदा न सांगता जाऊन पाहिले. नियमित कॉलेजात वर्ग भरतात, हे आपण धरून चालतो. माझ्या भाचीच्या कॉलेजात वर्षभर रसायनशास्त्राची जागा रिकामी होती आणि गणिताचे सर तासिका तत्त्वावर चार ठिकाणी शिकवत होते. ज्या तासाला शिक्षकच नाही, त्या तासाची हजेरी नैतिकदृष्ट्या कितीही शुद्ध असली तरी मुलीला तिचा उपयोग काय?

इंटिग्रेटेडची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती फी भरून झाल्यावर कळते. दर सहा-आठ आठवड्यांनी चाचणीच्या गुणांवरून मुलांच्या तुकड्या बदलतात. पहिल्या तुकडीला जे शिक्षक शिकवतात, ते चौथ्या तुकडीला शिकवत नाहीत. जाहिरातीत फोटो मात्र त्यांचेच असतात. माझा मुलगा दुसऱ्या तुकडीतून चौथीत गेला, तेव्हा शिक्षकही बदलले, मित्रही बदलले आणि घरी जेवताना बोलणेच बंद झाले. तीन महिने फार वाईट गेले. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘माझी मुलगी चौथ्या तुकडीत गेली, तर तिला भौतिकशास्त्र कोण शिकवणार?’ नाव सांगता आले नाही, तर उठून या.

मुलाला जेईई मेनला ९१ पर्सेंटाइल, सीईटीला ९८.६ मिळाले. आता सांगलीला वालचंदमध्ये यंत्र अभियांत्रिकीला आहे आणि मजेत आहे.

अनुस्वार

क्षमस्व, पण ९१ पर्सेंटाइल हे ९१ टक्क्यांपेक्षा कमी की जास्त? आमच्या वेळी बारावीचे पीसीएमचे, म्हणजे भौतिक-रसायन-गणिताचे गुण मोजले की काम संपत असे. १९९१ साली मी तीनशेपैकी बेरीज करून प्रवेश घेतला. तेवढेच गणित मला आजही जमते.

शेषशून्य

अनुस्वार, पर्सेंटाइलचा तुमच्या गुणांशी थेट संबंध नाही. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे शंभरात किती, हे तो आकडा सांगतो. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात, म्हणून हा खटाटोप.

या आकड्याचा अर्थ गर्दीवर ठरतो. २०२५ साली जेईई मेनला सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थी बसले. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाच्या पुढेही पावणेपंधरा हजारांच्या आसपास मुले आहेत आणि ९५ वाल्याच्या पुढे जवळजवळ चौऱ्याहत्तर हजार. त्या वर्षी साऱ्या आयआयटी मिळून जागा होत्या १८,१६० आणि त्यांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड ही आणखी एक चाळणी असते, जिला मेनमधून वरचे अडीच लाखच बसू शकतात. ‘९५ मिळाले’ म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि ‘९५च मिळाले’ म्हणून रडणाऱ्या, अशा दोन्ही घरांना हे ठाऊक असावे.

मूळ प्रश्नाकडे येतो. नीट, जेईई, सीईटी असे एका दमात म्हटले जाते, पण वेळेचा हिशेब करून पाहा. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे एकाला एक मिनिट. जेईई मेनला तेवढ्याच वेळात ७५, म्हणजे एकाला जवळजवळ अडीच मिनिटे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १००, म्हणजे एकाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न मात्र पुढच्या ९० मिनिटांत आणि प्रत्येकाला दोन गुण. चुकीच्या उत्तराला नीट आणि जेईईत गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे वाया घालवणेच. एखादी मुलगी एका प्रश्नाशी शांतपणे झुंजणारी असते, एखादी भराभर पुढे सरकणारी. कृष्णाकाठ, तुमची मुलगी कशी आहे हे तिच्या शाळेच्या गणिताच्या वहीवरून कळेल. त्यासाठी समुपदेशक नको.

टेंभुर्णी_नाका

लातूरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी २०१४ ते २०१६ लातूरला होतो. आता भूलतज्ज्ञ आहे.

गावाकडून आलेल्या मुलाला लातूर जे देते, ते पुण्यात मिळत नाही. तिथे तुम्ही पाहुणे नसता. ट्यूशन एरियात पहाटे पाचला चहाची टपरी उघडी असते, कारण गिऱ्हाईक सतरा वर्षांचे असते. खानावळीच्या बाकावर समोर बसलेल्या अनोळखी मुलाला ‘कालच्या पेपरातला बत्तिसावा कसा केलास?’ असे विचारता येते. सायबर कॅफे, झेरॉक्सवाला, खोलीचा मालक, सगळ्यांना परीक्षेची तारीख पाठ असते. हे वातावरण आधार देते आणि कधीकधी गुदमरवतेही. माझ्या खोलीत तिघांच्या मध्ये हार्डबोर्डचे पडदे होते. पलीकडच्याचे पान उलटल्याचा आवाज यायचा आणि माझे पान उलटायला वेळ लागला, की छातीत धडधडायचे.

आमचे वर्ष तर विलक्षणच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. आम्ही दोन बादल्यांत तिघे भागवत होतो. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीपासून नीट घेण्याचा आदेश दिला. तेव्हा वैद्यकीयसाठी असलेली आमची राज्याची सीईटी ५ मे रोजी, म्हणजे आठवड्यावर. ती झाली, पण ती धरणार की नाही, हेच कोणाला सांगता येईना. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम करून बसलेली आम्ही मुले केंद्रीय अभ्यासक्रमाची, म्हणजे एनसीईआरटीची पुस्तके शोधत हिंडू लागलो आणि दुकानात ती संपली होती. २४ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढून राज्यांच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिली, तेव्हा कुठे सीईटी कामी आली. त्या सव्वीस दिवसांत आमच्यातला एक हुशार मुलगा पिशवी भरून गावी निघून गेला. त्याने नंतर कृषी पदवी केली. तो सुखात आहे, पण त्या महिन्याविषयी आजही बोलत नाही.

अभ्यासाचे म्हणाल, तर मला तीन हजार प्रश्नांनी तारले नाही. एका दोनशेपानी वहीने तारले. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीत लिहायचा आणि खाली एका ओळीत कारण: ‘माहीत नव्हते’, ‘घाई’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’. दोन महिन्यांनी मोजले, तेव्हा निम्म्याहून अधिक चुका तिसऱ्या कारणाच्या निघाल्या. मी तोवर पहिल्या कारणासाठी रात्री जागत होतो.

पाटीपेन्सिल

टेंभुर्णी_नाका, ‘प्रश्न नीट वाचला नाही’ याच्या आतही एक गोष्ट दडलेली असते.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेलो, सेमीसुद्धा नाही. संवेग, त्वरण, अपवर्तन, जडत्व हे सारे मला पक्के येत होते. अकरावीत पहिल्याच तासाला सर ‘मोमेंटम’ म्हणाले आणि मला ते मूव्हमेंटचे भावंड वाटले. असे शास्त्रीय शब्द महिन्याभरात जुळले, कारण त्यांची यादी पुस्तकामागे असते. ज्या शब्दांची यादी नसते, त्यांनी जास्त छळले. पहिल्या चार चाचण्यांत दोन दोन राशींची उत्तरे विचारणारे प्रश्न माझे हमखास चुकत. गणित बरोबर, पर्याय चूक. शेवटी मॅडमनी कागद समोर ठेवून विचारले, ‘शेवटचा शब्द काय आहे?’ शब्द होता ‘रिस्पेक्टिव्हली’. मला वाटत होते, प्रश्न आदराने विचारला आहे. ‘अनुक्रमे’ हा साधा शब्द मला दहावीपर्यंत कितीदा तरी भेटला होता.

कृष्णाकाठ यांची मुलगी सेमीची आहे, त्यामुळे तिचे ओझे कमी असेल. तरीही प्रश्नपत्रिकेतल्या विज्ञानाबाहेरच्या शब्दांची वही करावी. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येते, हे खरे. पण ॲडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते आणि पुढचे शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच. मी नीटला मराठी पुस्तिका घेतली होती. तिच्यात इंग्रजी प्रश्नही असतो. अडले तिथे दोन्ही वाचले.

लघुत्तम

‘प्रश्न आदराने विचारला आहे’ याबद्दल पाटीपेन्सिल यांना माझ्याकडून एक कटिंग चहा, रिस्पेक्टिव्हली.

निमशहरी

चौथा पर्याय कृष्णाकाठ यांनी लिहिलेला नाही, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. आम्ही जळगावहून मुलाला घेऊन राजस्थानातले क्लासचे शहर कोटा पाहून आलो होतो.

शिक्षकांविषयी मला वाईट बोलायचे नाही. खोली पाहायला गेलो, तेव्हा मालकाने वातानुकूलन, गरम पाणी, कपडे धुण्याची सोय असे सगळे दाखवले आणि मग वर बोट करून पंख्याच्या दांड्याला बसवलेली स्प्रिंग दाखवली. वजन आले की पंखा खाली येतो. प्रशासनाने २०२३ मध्ये ती सक्तीची केली आहे. तो ती सोयींच्या यादीतच सांगत होता. माझ्या पत्नीने मुलाचा हात धरला तो जळगाव स्थानकापर्यंत सोडला नाही.

हा भावनेचा भाग झाला. नियमांचा भागही ऐका, कारण तो आम्हाला तिथे कोणी सांगितला नाही. तिथे बारावीचा प्रवेश एखाद्या शाळेत नावापुरता करून देतात. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही अपवाद आहेत, पण क्लाससाठी परराज्यात जाणे हा त्यांत बसत नाही. एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांमध्येही गृहराज्य ठरते ते बारावी कुठून झाली यावरून. जळगावचा मुलगा राजस्थानातून बारावी झाला, तर नागपूरच्या व्हीएनआयटीतील महाराष्ट्राच्या निम्म्या जागांवर त्याचा हक्क उरत नाही. मुलाला बाहेर ठेवायचेच असेल, तर बारावीचा अर्ज कोणत्या राज्यातून भरला जाणार, हे लेखी विचारा.

शेवंता

निमशहरी, तुमचा पंख्याचा परिच्छेद वाचून थोडा वेळ काहीच लिहावेसे वाटले नाही.

जुना_फळा

शेवंताताई, तुमच्या आधीच्या प्रतिसादातील रिकाम्या जागांचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. शासनाने २०१८ मध्ये मोठ्या शहरांच्या विभागांतील विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितले, तेव्हा आम्हा शिक्षकांना आनंद झाला होता. आमच्याकडे यंत्र नव्हते, पण वारे आले. मी शिकवलेल्या शेवटच्या वर्षी अकरावीच्या तुकडीत १२० नावे होती आणि ऑगस्टनंतर माझ्यासमोर नऊ मुले बसत. नऊ. मी त्यांना पूर्ण तास शिकवला; पण उरलेली कुठे आहेत, हे संस्थेत कोणीच विचारले नाही, मीही नाही. तेव्हा सगळे खापर क्लासवर फोडण्याचा अधिकार मला नाही.

तरी बोर्डाकडे पाठ फिरवू नये याचे रोकडे कारण आहे. आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला खुल्या प्रवर्गात ७५ टक्के हवेत, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. ती अट करोनाकाळात शिथिल होती, २०२३ पासून पुन्हा लागू झाली. जेईईत उत्तम क्रमांक आणि बारावीला ७२ टक्के, अशी मुले मी पाहिली आहेत. मराठी आणि इंग्रजीने त्यांचा घात केला, कारण दोन वर्षे ती पुस्तके कोणी उघडलीच नव्हती.

सुपारीबाग

पैशांचा विषय निघाला म्हणून माझी तक्रार लिहिते. मुलगी चार महिन्यांत क्लास सोडून घरी आली. उरलेल्या फीचे विचारल्यावर ‘पावतीच्या मागे वाचा’ असे सांगण्यात आले. पावतीमागे फिकट अक्षरांत ‘फी परत मिळणार नाही’ असे छापले होते. त्यानंतर मला कळले, की केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, किंवा दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावे, हेही त्यातच आहे. ही तत्त्वे राज्यांनी अमलात आणायची आहेत, त्यामुळे क्लासवाल्याने ऐकून घेतले आणि हसला. मी चिकाटीने पत्रे लिहिली, तेव्हा थोडी रक्कम मिळाली. एकरकमी भरू नका, एवढेच सांगते. हप्त्यांत चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील.

ज्यांना ही फी परवडत नाही, त्यांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर दहावीच्या निकालानंतर लक्ष ठेवावे. महाज्योती इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना या परीक्षांसाठी ऑनलाइन शिकवणी आणि टॅबही देते. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचे ‘साथी’ हे संकेतस्थळ सर्वांना विनामूल्य आहे. माझी मुलगी नंतर घरी बसून त्यावरच शिकली.

अकरावी_ब

काका-काकूंच्या धाग्यात शिरते आहे, राग मानू नये. मी आता बारावीत गेले. पीसीएमबी (गणित आणि जीवशास्त्र दोन्ही) घेतले आहे, म्हणजे कृष्णाकाठ काकांच्या मुलीने जे करावे की नाही असा प्रश्न आहे, ते मी एक वर्ष करून पाहिले आहे.

पीसीएमबी घेतल्यावर सगळे म्हणतात, ‘दोन्ही दारे उघडी राहतात.’ राहतात, पण दोन्हींमधून वारा येतो. माझ्या वर्गात पंधरा जणांनी चारही विषय घेतले होते. दिवाळीनंतर सहा जण खरोखर चारही विषय वाचत होते. मला वाटते, अकरावीची पहिली सहामाही चारही विषय मनापासून करावेत आणि मग एकाला बोर्डापुरते ठेवावे. मी गणित बोर्डापुरते ठेवले. बायफोकल, म्हणजे दोनशे गुणांचा एक व्यावसायिक विषय, घेणाऱ्यांना मात्र हा पर्याय नसतो. त्यात जीवशास्त्र आणि दुसरी भाषा दोन्ही सुटतात आणि परत यायला जागा राहत नाही. मैत्रिणीने ‘दोनशे गुण सोपे मिळतात’ म्हणून संगणकशास्त्र घेतले आणि नोव्हेंबरमध्ये तिला डॉक्टर व्हावेसे वाटू लागले.

अजून एक. क्लास मेमध्ये सुरू होतो आणि कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्या संपता संपता ऑगस्ट उजाडतो. त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या तासाला आम्ही गेलो, तेव्हा ‘हे तर झालंय’ असे सगळ्यांनाच वाटत होते. ते झालेले नव्हते. सदिश मला कॉलेजात दुसऱ्यांदा शिकवले तेव्हा कळले.

आणि दर रविवारी चाचणी असते, तर सोमवारी संध्याकाळपर्यंत गुण विचारू नका. आम्ही स्वतःच सांगतो.

अनुस्वार

अकरावी_ब, तुझा प्रतिसाद मी छापून आमच्या घरच्या फ्रिजवर लावला आहे. शेवटचे वाक्य सौभाग्यवतींनी अधोरेखित केले आहे.

शेषशून्य

चारही विषय घेण्याबाबत अकरावी_ब यांच्याशी सहमत. भर एवढीच, की सीईटीला पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट देता येतात आणि त्यांचे पर्सेंटाइल वेगवेगळे मिळतात. औषधनिर्माणशास्त्र दोन्ही गटांतून मिळते. सीईटीत अकरावीचा भाग वीस टक्केच असतो, त्यामुळे सीईटीपुरते पाहिले तर पहिले वर्ष थोडे सैल गेले तरी सावरता येते. नीट-जेईईत तसे नाही. तिथे अकरावीचा अभ्यासक्रम जवळजवळ निम्मा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मुलीने माझ्याआधी वाचला, हे मला ‘रिस्पेक्टिव्हली’ हा शब्द घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येऊ लागल्यावर कळले.

शेवंताताईंचा प्रश्न मी पुण्याला फोन करून विचारला. ‘आमचे सर्वच शिक्षक उत्तम आहेत’ असे उत्तर आले. नाव पुन्हा विचारले, तर ‘कळवतो’ म्हणाले. त्याला आज नऊ दिवस झाले. सवलत मात्र आपोआप पुन्हा चाळीस टक्क्यांवर आली आहे.

मग आम्ही साताऱ्यातले कॉलेज पाहायला गेलो. प्रयोगशाळा सहायकांनी कपाट उघडून दाखवले. सूक्ष्मदर्शक सतरा, त्यांतले चालू अकरा. रसायनशास्त्राची एक जागा इथेही रिकामी आहे, हे प्राचार्यांनी न विचारता सांगितले, म्हणून मला त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावासा वाटला. मुलीने तेथेच पीसीएमबीसाठी पहिली पसंती भरायचे ठरवले आहे. सकाळी कॉलेज, दुपारी गावातल्याच एका सरांकडे भौतिक आणि रसायन, फी तीन हप्त्यांत. लातूरचा विचार सोडला, कारण ती म्हणाली, ‘मला पलीकडच्याच्या पानांचा आवाज ऐकू आला, तर मी नक्की मोजत बसेन.’ हा निर्णय चुकूही शकतो. नाताळच्या सुट्टीत पुन्हा बसून पाहायचे, असे तिघांचे ठरले आहे.

एक अडचण उरली आहे. या सरांकडे चाचणी मालिका नाही. चांगल्या सरावपत्रिका कुठे मिळतील?

जुना_फळा

रसायनशास्त्राची जागा रिकामी असेल, तर पालकांनी मिळून प्राचार्यांना लेखी पत्र द्यावे. पत्र आले की तासिका तत्त्वावर तरी कोणी नेमले जाते, नाहीतर वर्ष तसेच जाते. सरावासाठी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत, मात्र वेळ लावून सोडवाव्यात. नीटसाठी ओएमआर पत्रिका (उत्तरांचे गोल रंगवायचा कागद) छापून घ्यावी आणि गोल काळ्या पेनानेच भरावेत. तो सरावसुद्धा लागतो.

शेवंता

माझ्या मनात अजूनही रसायनशास्त्राची शंका आहे, पण ठरवताय ते डोळे उघडे ठेवून, हे दिसते आहे.

सरावपत्रिकांचे म्हणाल, तर मुलाच्या दोन वर्षांच्या सगळ्या चाचण्या माळ्यावर पडून आहेत, उत्तरांसकट. जेईई आणि सीईटीच्या आहेत. जीवशास्त्राच्या नाहीत, ते दुसरीकडून बघा. काहींवर त्याने समासात क्रिकेटचे धावफलक लिहिले आहेत, तिकडे दुर्लक्ष करावे. पत्ता निरोपातून कळवा, स्वारगेटहून एसटीच्या पार्सलने पाठवते. आज काढून, बांधून वजन केले. अकरा किलो भरले. उतरवून घ्यायला कोणीतरी धडधाकट माणूस पाठवा.